‘मणक्यात गॅप आलाय, ऑपरेशन करून घेऊ का?’

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. त्यांच्याच शब्दांत, थोडं कमी करून देते; कंसातलं माझं.

‘वय ४८. घरी पोळी-भाजीचे डबे करते, रोज सव्वादोनशे-अडीचशे पोळ्या होतात. तीन वर्षं कंबर दुखतेय. सकाळी उठताना आणि पोळ्या उरकल्यावर जास्त. कधी कधी उजव्या कुल्ल्यात आणि मांडीच्या मागे कळ येते, पण गुडघ्याच्या खाली नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ला बल्ज (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती बाहेर फुगलेली) आणि एल५-एस१ची (त्याच्या खालची) चकती झिजलीय असं आलं. एक डॉक्टर म्हणाले, गॅप आलाय, स्क्रू-रॉड घालून मणके फिक्स करावे लागतील. दुसरे म्हणाले, इतक्यात नको. शेक, मशीन, ट्रॅक्शन, पट्टा, गोळ्या, सगळं झालं. पायाळू माणसाचा पायसुद्धा कंबरेला लावून घेतला. नणंदेच्या यजमानांचा पाय टाचेपर्यंत ठणकायचा, रात्र रात्र झोप नव्हती. ऑपरेशननंतर ते दोन महिन्यांत दुकानावर बसले. शेजारच्या काकूंनी कंबरेसाठी स्क्रू घालून घेतले, त्या दोन वर्षांनीही गोळ्यांवरच आहेत. सासूबाई म्हणतात, मणक्याला हात लावला की माणूस आडवा होतो. मुलगा म्हणतो, मार्चमध्ये पॉलिसी संपतेय, त्याच्या आत उरकू. आता वाकायचीच भीती वाटते. पूर्वी दर शनिवारी मारुतीला चालत जायचे, हल्ली मुलगा गाडीवरून सोडतो. मी मिश्री लावते, तेही सांगून ठेवते. करू का नको, तेवढं सांगा.’

ताई, तुम्ही ‘करू का नको’ एवढंच विचारलंत, म्हणून उत्तर आधी देते आणि कारणं मागून सांगते. तुम्ही माझी सख्खी बहीण असतात, तर या पत्रात जे आहे त्यावर मी तुम्हाला आज हे ऑपरेशन करू दिलं नसतं. ‘आज’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, आणि तुम्हाला तपासलेलंही नाही. पण कंबर धरून आलेली माणसं बघण्यातच माझी सगळी नोकरी गेली, आणि तुमच्यासारखी हकीकत मी खूप वेळा ऐकलीय.

आधी त्या ‘गॅप’बद्दल. आपल्याकडे हा शब्द इतका रुळलाय की डॉक्टरही तो सर्रास वापरतात. पण तो ऐकून बायकांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहतं, ते मला ठाऊक आहे. दोन मणके एकमेकांपासून सुटलेत, मध्ये फट पडलीय, आता जास्त वाकलं तर निखळतील. खरं तर उलटं असतं. दोन मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी वयानं कमी होतं, ती चपटी होते आणि मधली जागा पूर्वीपेक्षा कमी होते. काहीही सुटलेलं नसतं. तुमचा कणा आज सकाळी अडीचशे पोळ्यांना उभा राहिलाय. तो मोडकळीला आलेला नाही.

आणि ही झीज एकट्या तुमच्याच फिल्ममध्ये दिसते असं नाही. ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला होता. पन्नाशीच्या बिनदुखण्याच्या माणसांत १०० पैकी ८० जणांची चकती झिजलेली होती आणि ६० जणांना बल्ज होता. तुमच्या गल्लीतल्या तुमच्या वयाच्या बायकांना ओळीनं मशीनमध्ये घातलं, तर निम्म्याहून जास्त जणींचे रिपोर्ट तुमच्यासारखेच येतील, आणि त्यातल्या कितीतरी जणी दुपारी धुण्याची बादली घेऊन गच्चीवर जात असतील. म्हणून नुसता रिपोर्ट हातात घेऊन ऑपरेशन ठरवायचं नसतं. दुखणं आणि फिल्म यांचा मेळ बसला पाहिजे.

तो बसतो की नाही, हे बघायची माझी एक साधी पद्धत आहे. माणूस आला की मी फाईल बाजूला ठेवते आणि म्हणते, कुठे दुखतं ते हातानं दाखवा. काही जण अख्खा तळवा कंबरेवर आडवा फिरवतात, बेल्ट बांधावा तसा. काही जण मात्र एक बोट काढतात, कुल्ल्यापासून मांडीवरून, पोटरीच्या बाजूनं खाली नेत थेट पायाच्या अंगठ्याला टेकवतात. बोटवाल्यांची बहुधा नस दबलेली असते. अंगठ्यापर्यंत जाणारी कळ बहुतेकदा कमरेच्या पाचव्या नसेची, टाचेच्या आणि करंगळीच्या बाजूची तिच्या खालच्या नसेची. मग आम्ही टाचांवर चालायला लावतो, चवड्यांवर चालायला लावतो, अंगठा वर ओढायला सांगून त्यावर जोर देतो, घोट्यामागे हातोडी मारून बघतो. ही तपासणी आणि फिल्म एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तर ऑपरेशनला पकडण्यासारखं काहीतरी असतं. नस दबलीय, ती मोकळी करायची.

तुमचं पत्र वाचताना मला तळवा दिसला, बोट नाही.

आता नणंदेचे यजमान आणि शेजारच्या काकू. तुम्हाला वाटतंय की एकाचं ऑपरेशन चांगलं झालं आणि दुसऱ्याचं फसलं, म्हणजे हा नशिबाचा खेळ आहे. मला तसं वाटत नाही. ते दोघं दोन वेगळ्या दुखण्यांसाठी, दोन वेगळी ऑपरेशनं करून घेऊन आले. तुमच्या वर्णनावरून यजमानांची चकतीची गादी बाहेर येऊन नसेवर बसली असावी. ती बाहेर आलेली गादी काढणं हे जुनं, पारखून घेतलेलं काम आहे. चकती फुटून नस दबते हे अमेरिकेतल्या दोन सर्जननी १९३४ मध्ये मांडलं, तेव्हापासून ते चालत आलंय. त्यात पाय मोकळा होतो, आणि बऱ्याचदा लवकर होतो. पण तिथेही घाईच करावी असं नाही. हॉलंडमध्ये सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात कळ जाण्याच्या, २८३ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २००७ मध्ये छापून आला. काहींचं लवकर ऑपरेशन केलं, काहींना थांबवून ठेवलं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला. थांबलेल्यांपैकी १०० तल्या ३९ जणांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. पण वर्षाअखेरी दोन्हीकडचे १०० पैकी ९५ जण बरे झाल्याचं सांगत होते. बाहेर आलेला तुकडा शरीर बऱ्याचदा आपणहून हळूहळू जिरवून टाकतं.

काकूंचं वेगळं. त्यांची कंबर दुखत होती आणि कंबरेसाठीच स्क्रू घातले. तुम्हालाही तेच सुचवलंय, म्हणून इथे जरा थांबून सांगते.

स्क्रू-रॉड घालून दोन मणके एकमेकांना जखडायचे, मध्ये हाड भरायचं आणि ते जुळून एकसंध व्हायची वाट बघायची, असं ते काम. मणका खरोखरच पुढे घसरत असेल, अपघातात मोडला असेल, टीबीनं किंवा गाठीनं खाल्ला असेल, वाकडा होत चालला असेल, तर त्याची खरोखर गरज पडू शकते आणि त्यानं माणसं उभी राहिलेली मी पाहिली आहेत. पण झिजलेली चकती आणि दुखणारी कंबर, एवढ्यासाठी ते करावं का, यावर गेली पंचवीस वर्षं वाद चाललाय. २००१ मध्ये स्वीडनच्या अभ्यासात ऑपरेशन जिंकलं. दोन वर्षांनी ऑपरेशनवाल्यांतले १०० पैकी ६३ जण ‘बरं वाटतंय’ म्हणाले, नेहमीची फिजिओथेरपी घेणाऱ्यांतले फक्त २९. हे आकडे बघून कुणीही म्हणेल, करून टाका. पण पुढे नॉर्वेत २००३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २००५ मध्ये हाच प्रश्न पुन्हा तपासला, आणि या वेळी समोर नेहमीची फिजिओथेरपी ठेवली नाही, भरपूर आणि शिस्तीचा व्यायाम ठेवला. ब्रिटनमध्ये तर तीन आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, सरासरी ७५ तास! त्याबरोबर वाकायची-उचलायची भीती घालवण्यासाठी बोलणं-समजावणं. नॉर्वेत ऑपरेशन आणि व्यायाम यांत फरकच सापडला नाही. ब्रिटनमध्ये सापडला तो ऑपरेशनच्या बाजूनं, पण त्रास मोजायच्या १०० गुणांच्या मापावर साधारण चार गुणांचा, आणि तेवढ्यासाठी ऑपरेशनचे धोके पत्करायचे होते. २०१६ पासून ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात की नुसत्या कंबरदुखीसाठी हे ऑपरेशन सुचवूच नका, एखादा शास्त्रीय अभ्यास चालू असेल तरच करा.

ताई, आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचा: ‘शेक, मशीन, ट्रॅक्शन, पट्टा, गोळ्या, सगळं झालं.’ यातल्या प्रत्येक गोष्टीत तुम्ही नुसत्या करून घेत होतात, आणि दुसरं कुणीतरी किंवा काहीतरी तुमच्या कंबरेवर काम करत होतं. तुमच्या कंबरेनं स्वतः काहीच केलं नाही. म्हणजे ‘सगळं’ झालेलं नाही. जे खऱ्या अर्थानं ऑपरेशनच्या बरोबरीला उभं राहिलं, ते अजून सुरूच व्हायचंय. यात तुमचा दोष अजिबात नाही. आमच्याच धंद्याचा आहे. दहा मिनिटं करंट लावून पेशंटला घरी पाठवणं सोपं पडतं, म्हणून तेच चालतं.

म्हणून माझं मागणं तीन महिन्यांचं आहे. जवळपास असा फिजिओथेरपिस्ट शोधा जो मशीनपेक्षा तुमच्याकडून काम करून घेईल. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आणि मेडिकल कॉलेजांत हा विभाग असतो, आणि तिथे खर्चही कमी येतो. आठवड्यातून दोनदा तिकडे, बाकी दिवस घरी. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, उताणं झोपून कंबर उचलणं, भिंतीला पाठ लावून अर्धी बैठक, मग पुढे बादलीत आधी दोन लिटर, मग पाच, मग आठ लिटर पाणी घेऊन गुडघ्यात आणि कुल्ल्यात वाकून उचलणं. हो, उचलणंच. ज्या हालचालीची भीती बसलीय ती टाळत राहिलं की कंबर आणखी दुबळी होते आणि भीती वाढते. करताना दुखेल. दहापैकी चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीइतकंच राहिलं, तर चालू ठेवा. सकाळी वाढलेलं असलं तर एक पायरी खाली या, बंद करू नका. आणि पट्टा हळूहळू सोडा. प्रवासापुरता असू द्या.

पोळ्यांचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला त्याचीच जास्त काळजी आहे, कारण घर त्यावर चालतंय. ओटा तुमच्या कोपरापेक्षा फार खाली असेल तर तुम्ही अडीचशे वेळा पुढे झुकता. पोळपाटाखाली एक लाकडी पाट ठेवून बघा, तेवढ्या चार बोटांनी फरक पडतो. पायाशी दुसरा बुटका पाट ठेवा आणि एक पाय त्यावर, दर थोड्या वेळानं पाय बदला. चाळीस पोळ्या झाल्या की लाटणं खाली ठेवून फाटकापर्यंत जाऊन या, तवा रिकामा राहिला तरी चालेल. पिठाचा मोठा डबा उचलू नका, छोट्या डब्यात काढून घ्या. भरलेला घरगुती सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो तीन महिने तरी मुलानं हलवायचा. आणि परातीतली कणीक खाली बसून, कंबरेत वाकून मळत असाल तर ते आधी थांबवा. ऑपरेशनच्या खर्चाच्या मानानं कणीक मळायचं छोटं मशीन अगदीच स्वस्त पडेल.

मिश्रीबद्दल तुम्ही स्वतःहून लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बहुतेक बायका हे लपवतात. तंबाखूतलं निकोटिन हाड जुळायला अडथळा करतं. म्हणजे उद्या स्क्रू घालायची वेळ आलीच, तर तुमची मिश्री त्या ऑपरेशनच्या विरोधात काम करेल. सर्जनना हे सांगितलंत का? नसेल तर सांगा. आणि आजपासून कमी करा. शुगर तपासलेली नसेल तर तीही तपासून घ्या. वाढलेली असली तर जखमेत पू होण्याचा धोका वाढतो. व्यायामाला सुरुवात करण्यासाठी मात्र यातल्या कशासाठीच थांबायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र ठळक सांगते, ती घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. शी-शूच्या जागेभोवती बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, दोन्ही पायांत जोर उरला नाही, तर तीन महिने तर सोडाच, रात्र उजाडायचीही वाट बघू नका. त्याच रात्री मणक्याचा सर्जन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा. तिथे तासांनी फरक पडतो. पाऊल लुळं पडून चालताना चप्पल सुटायला लागली तरी लगेच दाखवायचं. आणि संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं यांतलं काही असेल तर पुन्हा तपासणी हवी, कारण मणक्याचा टीबी आपल्याकडे आजही होतो. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. म्हणूनच मी इतक्या ठामपणे ‘थांबा’ म्हणू शकते. थांबल्यानं तुमचं नुकसान होईल, असं मला त्यात काही दिसलं नाही.

ज्या डॉक्टरांनी स्क्रू सुचवलेत त्यांच्याकडे पुन्हा जा. भांडायला नाही, विचारायला. वहीत लिहून न्या, कारण समोर बसलं की आपण विसरतो. माझ्या दुखण्याचं मूळ हीच चकती आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? उभं राहून पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका सरकताना दिसतो का? (हा एक्स-रे काढलाच नसेल, तर आधी तो काढून घ्या. उत्तर ‘हो, सरकतो’ असं आलं तर माझं मत बदलू शकतं.) ऑपरेशन नाही केलं तर वर्षभरात काय होईल? कंबर किती कमी दुखेल, पाय किती? माझ्यासारख्या दहा जणींपैकी किती जणी पुन्हा कामाला उभ्या राहिल्या? वरच्या-खालच्या मणक्यावर भार वाढून पुढे तिथे त्रास होतो का? पोळ्या कधी लाटू शकेन? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. जे रागावतील, त्यांच्याकडे मी तरी माझा कणा सोपवणार नाही.

मुलाचं म्हणणं प्रेमापोटी आहे, पण पॉलिसी मार्चमध्ये संपते म्हणून ऑपरेशन करायचं नसतं. पॉलिसीचं नूतनीकरण वेळेत करून घ्या, खंड पडू देऊ नका, मग गरज पडली तर ती एप्रिलनंतरही उपयोगी येईल. रेशनकार्ड घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या जवळच्या हॉस्पिटलात आरोग्यमित्रालाही एकदा विचारून ठेवा, तुमच्या आजाराला काय लागू होतं ते.

सासूबाईंना मात्र एवढं सांगा की मणक्याला हात लावला की माणूस आडवा होतो, हे आता खरं राहिलेलं नाही. गादी काढायचं ऑपरेशन झालेली माणसं बहुधा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालतात. मी ‘नको’ म्हणतेय ते भीतीपोटी नाही. हे औषध तुमच्या दुखण्याचं दिसत नाही, म्हणून म्हणतेय. उद्या तुमची कळ पोटरीतून खाली उतरली, अंगठ्याचा जोर गेला किंवा तीन महिने मन लावून केल्यावरही रोजचं जगणं अवघडच राहिलं, तर पुन्हा लिहा. तेव्हा मी तुम्हाला मणक्याच्या सर्जनकडे जायलाच सांगेन, आणि मग आपण त्या ऑपरेशनची तयारी कशी करायची ते बोलू.

तोवर एक वही करा. रोज रात्री दोनच आकडे: कंबर दहापैकी किती, पाय दहापैकी किती. तीन महिन्यांनी कुठल्याही डॉक्टरांपुढे ही वही फिल्मच्या लिफाफ्याइतकीच उपयोगी पडेल.

आणि या शनिवारी मुलाला सांगा, मारुतीपर्यंत नको, अर्ध्या वाटेवर सोड. तिथून चालत जा, दर्शन घ्या, कट्ट्यावर पाच मिनिटं टेका आणि तेवढंच अंतर परत चाला. घरी आल्यावर किती मिनिटं लागली ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढच्या शनिवारी गाडी आणखी अलीकडे थांबवायची.